चुकीची तीन वाक्यं

बरोबर वाक्य तयार करायला फारशी अक्कल लागत नाही. 'सकाळी मुले शाळेत गेली', झालं. खरी मेहनत असते ती चुकीची वाक्यं तयार करण्यात. एका बरोबर वाक्याला तीन चुकीची लागतात, आणि ती अशी लागतात की पाचवीतल्या पोराचा हात नेमका त्यांच्याकडेच जावा. हे काम मी सहा वर्षं केलं. त्या कामानं माझ्या आईचं बोलणं कसं बंद झालं, ते मला सांगायचं आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. शाळा बदनापूरपासून मोटारसायकलवर वीस मिनिटांवरच्या गावात, घर बदनापुरात, स्टेशनच्या मागच्या अंगाला. बायको जालन्याला एका पतसंस्थेत नोकरी करते, सकाळच्या गाडीनं जाते आणि दिवेलागणीला येते. शाळा सुटल्यावर मी जालन्यातल्या एका लहानशा प्रकाशकासाठी सराव प्रश्नसंच लिहायचो. पाचवीनंतर सरकारी निवासी शाळेत जायचं असेल तर जी प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिचे. गणित दुसरे एक मास्तर लिहायचे, भाषा माझ्याकडे. भाषेत एक ठरलेला प्रश्न असतो: खाली चार वाक्ये दिली आहेत, त्यांपैकी व्याकरणदृष्ट्या अचूक वाक्य निवडा. मग पोरानं उत्तरपत्रिकेवरचा गोल काळा करायचा. एकदा काळा केला की खोडता येत नाही.

पहिल्या वर्षी चुकीची वाक्यं मी मनानंच रचली. 'सकाळी मुले शाळेत गेला', असली. प्रकाशकाकडे संच तपासणारा एक माणूस होता, त्याचा फोन आला. "सर, अशानं कोण फसंल? लेकरू हसून पुढं जाईल. चुकीचं वाक्य असं पायजे की लेकराला ते घरच्यासारखं वाटलं पायजे."

माणूस हुशार होता. घरच्यासारखं वाक्य कुठून आणायचं, याचा मी दोन दिवस विचार केला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. माय माझ्या समोरच बसून तूर निवडत होती.

पुस्तकात मी तिला आई लिहीन, पण हाक मी तिला माय अशीच मारली, म्हणून इथंही माय. तिचं सगळं आयुष्य धावड्यात गेलं, भोकरदन तालुक्यात. दुसऱ्यांच्या रानात निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी. वडील गेल्यावर मी तिला बदनापूरला आणलं तेव्हा माझी मुलगी दोन महिन्यांची होती. बायकोची रजा संपली आणि मुलगी मायच्या मांडीवर गेली ती तिथंच वाढली. माय अखंड बोलायची. जे करायची ते बोलून दाखवायची. "आता मी तूर निवडून राह्यले. मंग भाकरी टाकते. मंग बाईचे केस धुते." बाई म्हणजे माझी मुलगी. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या ऐवजी ती त्यालाच विचारायची, "झालं का रे तुव्हं?" शेजारच्या बायका म्हणायच्या, मास्तरच्या घरात रेडिओची गरज न्हाई.

मी तिच्याजवळ जुन्या उत्तरपत्रिकांचे पाठकोरे कागद घेऊन बसायला लागलो. तिनं विचारलं, "काय लिहून राह्यला बाबा?"

"तू बोलतीस ते."

तिला ते फार आवडलं. मास्तर झालेला लेक आपलं बोलणं लिहून घेतो म्हटल्यावर ती जरा सावरून बसायची. एखादं वाक्य आपल्यालाच छान वाटलं तर थांबून म्हणायची, "हे घेतलं का?" मी घ्यायचो. 'मी कालच जाऊन आल्ते.' 'पोरगी कव्हाची झोपून राह्यली.' 'त्यानं आमाला काहून न्हाई सांगितलं.' रात्रभर डोकं खाजवून सुचली नसती अशी वाक्यं ती तूर निवडता निवडता टाकत होती. प्रकाशकाकडचा माणूस खूश झाला. पुस्तक छापून आलं तेव्हा पहिल्या पानाच्या मागे बारीक अक्षरात माझं नाव होतं. मायनं ते पुस्तक पिशवीत घालून बुद्धविहारात नेलं आणि बायकांना दाखवलं. "ह्यात माहं बोलणं हाये," ती म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं. पुस्तकात तिचं बोलणं कुठल्या जागी आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं, आणि सांगायची वेळ येईल असंही मला वाटलं नव्हतं.

वेळ आली ती माझी मुलगी पाचवीत गेली तेव्हा. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पाचवीत हुकली की हुकली. तालुक्यात माझ्या ओळखीच्या तीन-चार मास्तरांची पोरं त्या शाळेत लागलेली, आणि ते भेटले की दुसरा विषयच काढायचे नाहीत. आमचं काही अडलं नव्हतं, दोघं कमावतो, बदनापुरातही शाळा आहेत. पण ज्यानं पुस्तक लिहिलं त्याचंच पोर नापास झालं तर लोक काय म्हणतील, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. मुलीच्या भल्यासाठी केलं असं मी सगळ्यांना सांगत आलो. त्यात निम्मं खरं आहे.

उन्हाळ्यात मी तिच्यापुढे माझाच संच ठेवला. गणितात तिला चांगले गुण पडले. भाषेत, त्या वाक्यांच्या प्रश्नात, दहापैकी दोन. मी दुसरा संच दिला, त्यात तीन. तिसऱ्यात पुन्हा दोन. मी उत्तरं पुन्हा एकदा तपासली. ती दर वेळी नेमकं त्या तीन फसव्या वाक्यांपैकीच एक निवडत होती. दुसऱ्यांच्या पोरांसाठी खड्डा खणला होता आणि माझं लेकरू रोज त्यात उडी मारत होतं.

"कोणी शिकवलं तुला असं?" मी ओरडलो.

"आजी असंच म्हणते," ती म्हणाली. तिला काय चुकलं तेच कळत नव्हतं.

माय स्वयंपाकघरात होती. भाकरी थापायचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

मग मी मुलीला एक युक्ती सांगितली. मास्तरकीच्या इतक्या वर्षांत मला सुचलेली ती सगळ्यात कामाची युक्ती, आणि मला तिची सगळ्यात जास्त लाज वाटते. मी म्हणालो, "चारही वाक्यं मनात वाच. जे आजीच्या तोंडचं वाटलं ते आधी खोड. जे आजी कधीच बोलणार नाही, ते बरोबर."

त्या दिवशी तिला दहापैकी आठ गुण पडले. दुसऱ्या दिवशी नऊ. मी ती युक्ती माझ्या वर्गातही सांगितली. घरी बोलतात ते खोडा, उरेल ते निवडा. वर्गातल्या पोरांची उत्तरं पटापट बरोबर यायला लागली, मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. मुलीनं तर त्याचा खेळच केला. आजी काही बोलली की ही हवेत बोटानं रेघ मारायची आणि हसायची. माय पण हसायची. "काय करून राह्यली बाई?" म्हणायची, आणि त्यावर पुन्हा रेघ. आम्ही सगळेच हसायचो. घरात बरं वातावरण होतं तेव्हा.

एका रविवारी दुपारी माय तेच पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "ह्यात माहं बोलणं कुठं हाये ते दाखव."

मी टाळायला बघितलं. ती हलेना. शेवटी मी पान उघडलं आणि बोट ठेवलं. हे एक. खाली हे. पुढच्या पानावर हे, आणि हे. ती माझ्या बोटामागून तिचं बोट फिरवत होती. अक्षर तिला कळत नव्हतं, पण मुलीनं लाल पेनानं मारलेल्या रेघा तिला दिसत होत्या. मी जिथं जिथं बोट ठेवलं तिथं तिथं रेघ होती. बाकीची वाक्यं स्वच्छ होती.

"ह्या समद्यावर रेघा काहून हायेत?"

मी म्हणालो की या परीक्षेत असली वाक्यं चालत नाहीत, म्हणून.

"मंग माहं समदंच चुकलं का?"

"चुकलं न्हाई माय. परीक्षेपुरतं."

"परीक्षेत चूक म्हंजी चूकच की," ती म्हणाली. मग म्हणाली, "पोरगी माह्यापशीच बोलायला शिकली. मंग तिचं चुकतं ते बी माह्यामुळंच."

इथं मी काहीतरी बोलायला हवं होतं. भाषेवर मी वर्गात तासभर बोलू शकतो. बोली अशुद्ध नसते, प्रमाणभाषा ही सोयीसाठी असते, हे मी डी.एड.च्या पेपरात लिहून गुण मिळवले होते. तिला मात्र मी एवढंच म्हणालो, "जाऊ दे, तुला न्हाई कळायचं." आणि पुस्तक मिटवलं.

थोड्याच दिवसांनी आषाढी पौर्णिमा आली. आमच्यात त्या दिवसापासून वर्षावास धरतात. तीन महिने विहारात ग्रंथवाचन चालतं, आणि उपासिका आपापल्या परीनं काहीतरी पाळतात. कुणी एक वेळ जेवतं, कुणी चहा सोडतं, कुणी पांढरी साडी नेसतं. माय विहारातून आली, हातपाय धुतले आणि आम्हा दोघांसमोर बसून म्हणाली, "म्या अवंदा मौन धरलं. बाईचा पेपर होईस्तोर तिच्यासमोर बोलणार न्हाई. तिच्या कानावर माहं पडायलाच नको."

बायको म्हणाली, "अहो आई, वर्षावास तीन महिन्यांचा. पेपर तर थंडीत हाये."

"मंग वाढवते की."

"अगं कशाला माय," मी म्हणालो. एकदाच म्हणालो, आणि तेही पाहुण्याला 'अजून घ्या ना' म्हणतात तसं. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. मायला गप्प बस असं मला सांगता आलं नसतं. ते काम तिनं माझ्यावरून उतरवून घेतलं होतं.

सुरुवातीला ते गमतीचं वाटलं. माय टाळी वाजवून मुलीला जेवायला बोलवायची. हातानं दाखवायची, केस धुवायचेत, दूध संपलं, बाहेर कोणी आलंय. मुलगी तिच्या खाणाखुणांचा अर्थ लावून मोठ्यानं, शुद्ध वाक्यात सांगायची: "आजी म्हणते आहे, दूध संपलेले आहे." मला ते ऐकून बरं वाटायचं. तीन-चार आठवड्यांत तिचं बोलणं बदलायला लागलं. 'आल्ते' गेलं, 'आले होते' आलं. मायला हे कळायचं. मुलगी एखादं पुस्तकी वाक्य बोलली की माय माझ्याकडे बघून मान हलवायची, चाललंय बराबर म्हणून.

मग घर गप्प झालं. मुलगी शाळेत असेपर्यंत माय शेजारणींशी बोलू शकली असती. सुरुवातीला ती बोलायची. पण मुलगी एकदम दारात आली की चालू वाक्य गिळावं लागायचं, म्हणून तिनं तेही कमी केलं. आमच्याशीही ती फारसं बोलेना. सवय मोडली की मोडली. पहाटे भाकरी करताना मी कधी कान द्यायचो. ती तव्याशी नाही, कुकरशी नाही, कुणाशीच बोलत नव्हती. कामं मात्र सगळी करत होती.

वर्षावास संपला. विहारात खीरदान झालं. बाकीच्या बायकांनी आपापलं पाळणं सोडलं, मायनं सोडलं नाही. थंडी पडायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिच्या ताटात अर्धीच भाकरी असते. ब्लाउज सैल झाला होता. मी विचारलं, "माय, बरं न्हाई का?" तिनं पोटावर हात ठेवला, मग तो हात हलवून काही नाही म्हणून दाखवलं आणि मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाकडे बोट केलं. मी समजलो, अपचन आहे आणि पोरीला त्रास देऊ नको म्हणतेय. औषधाच्या दुकानातून पोटाच्या गोळ्या आणून दिल्या. पुन्हा विचारलं नाही. माझ्यापुढे रोज चाळीस वाक्यं असायची, तपासायची आणि रचायची. आपल्या घरातल्या माणसाचं न बोललेलं वाक्य तपासायला मला सवड नव्हती.

परीक्षेचं केंद्र जालन्यातल्या एका शाळेत होतं. आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो. बायको म्हणाली मायला राहू द्या, पण मायनं आदल्या दिवशीच पांढरी साडी धुवून ठेवली होती. केंद्राबाहेर ही गर्दी. बापलोक पोरांकडून शेवटच्या मिनिटापर्यंत काहीतरी म्हणवून घेत होते. दोन-चार जणांच्या हातात माझंच पुस्तक होतं. मुलगी आत गेली. जाताना तिनं आजीच्या पायाला हात लावला, मायनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. घंटा झाली, फाटक लागलं.

आम्ही लिंबाच्या झाडाखाली बसलो. मी म्हणालो, "माय, आता बोल. पेपर सुरू झाला."

तिनं आधी फाटक खरंच बंद आहे का ते बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आवाज फुटायला जरा वेळ लागला, घसा खाकरावा लागला.

"पोट लई दुखून राह्यलं बाबा," ती म्हणाली. "पोळ्यापून."

आता हे लिहावं की नाही, मला माहीत नाही. ते वाक्य कानावर पडलं आणि माझ्या डोक्यात ते आपोआप जाऊन बसलं: पर्याय तीन, चूक. सहा वर्षांची सवय. अर्थ मला त्यानंतर कळला. पोळा म्हणजे पाच महिने.

मी तिला लगेच दवाखान्यात नेतो म्हणालो. ती उठेना. "पेपर व्हऊ दे," म्हणाली. "लेकरू बाहीर आलं आन आपुन दिसलो न्हाई तर घाबरंल." दोन तास आम्ही तिथंच बसलो. मी तिला विचारत राहिलो, कुठं दुखतं, कसं दुखतं, आणि ती एक-दोन शब्दांत सांगत राहिली. आधी ती मूठभर तूर निवडली तरी ते दहा वाक्यांत सांगायची.

जालन्याच्या दवाखान्यात त्यांनी पोटाचा फोटो काढला आणि मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं तपासण्या झाल्या. गाठ होती आणि ती पसरली होती. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी खुर्ची मायच्या जवळ ओढून विचारलं, "आजी, एवढं दुखत होतं तर इतके दिवस बोलल्या का नाहीत?"

मायनं माझ्याकडे बघितलं. पलंगाच्या पायथ्याशी बायको आणि मुलगी उभ्या होत्या. मी काय काय सांगू शकलो असतो. मी सांगू शकलो असतो की आम्ही तिला बोलू दिलं नाही. तिचं बोलणं आम्ही चुकीचं ठरवलं. तिनं हातानं दाखवलं होतं आणि मी गोळ्या आणून दिल्या. ही सगळी वाक्यं माझ्याजवळ होती. त्यांतून मी निवडलं ते हे: "डॉक्टर, तिने आम्हाला कधी सांगितलंच नाही."

"व्हय सायेब," माय लगेच म्हणाली. "म्या कुणालाच सांगितलं न्हाई."

मला वाटलं, ती मला पाठीशी घालते आहे. लहानपणी शाळेतून तक्रार आली की ती असंच करायची. मला तिची दया आली आणि माझीही सुटका झाली.

पुढं अडीच महिने ती घरीच होती. बोलायला आता हरकत नव्हती. मी समोर बसून म्हणायचो, "माय, काहीतरी सांग." ती दुखलं-खुपलं, पाणी दे, कूस बदल, एवढंच बोलायची. मुलगी खोलीत आली की तेही थांबायचं. मुलगी म्हणायची, "आजी, आता बोल ना, पेपर झाला." माय हसायची आणि तिचा हात धरून ठेवायची. निकाल लागला तेव्हा ती होती. मुलीची निवड झाली होती. मी यादीतलं नाव मोबाइलवर मोठं करून तिला दाखवलं, तिनं पडद्यावरून बोट फिरवलं. चैत्रात, दुपारच्या उन्हाच्या वेळी ती गेली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला धावड्याचे लोक आले, विहारातल्या बायका आल्या. तोपर्यंत माझं ते वाक्य सगळीकडे पोचलं होतं. बायकोनं माहेरी सांगितलं, माहेरच्यांनी पुढे. एकेक जण उठून बोलत होता, बाईनं जन्मभर कष्ट केले आणि शेवटचं दुखणंही कुणाला सांगितलं नाही, लेकराच्या अभ्यासाला त्रास नको म्हणून. अशी माय नशिबानं मिळते. लोक डोळे पुसत होते. मी हात जोडून बसलो होतो. माझ्या खोटेपणाचं लोकांनी तिच्या मोठेपणात रूपांतर केलं आणि मी ते करू दिलं. मुलगी माझ्या शेजारी बसून सगळं ऐकत होती.

जुलैत तिला शाळेत सोडायचं होतं. आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं तिची पेटी भरत होतो. यादीत लिहिल्याप्रमाणे दोन चादरी, ताट, वाटी, पेला. ती प्रत्येक वस्तूवर टिक करत होती. टिक करता करता, मान वर न करता, ती म्हणाली, "पप्पा, आजीने सांगितलं होतं."

"काय?"

"पोटात दुखत आहे ते. तुम्ही डॉक्टरांना म्हणालात ना, तिने सांगितलंच नाही. सगळे तेच म्हणतात. पण तिने सांगितलं होतं. मला."

मी हातातली चादर पेटीत ठेवली. कधी, ते विचारलं.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. शाळेला सुट्टी होती आणि ती माझी वेणी घालत होती. घरात कोणी नव्हतं. ती हळूच म्हणाली, बाई, माझ्या पोटात काहीतरी होत आहे, पप्पांना सांग." आजीचं वाक्यसुद्धा ती शुद्ध करून सांगत होती. "मी म्हणाले, आजी, तू बोलू नकोस. पेपर होईपर्यंत तू माझ्याशी बोलायचं नाही. तू बोललीस तर माझं चुकेल आणि पप्पा रागावतील. मग तिने माझी वेणी पूर्ण केली. नंतर ती कधीच बोलली नाही."

ती रडत नव्हती. यादी हातात धरून उभी होती, दहा वर्षांचं लेकरू, आणि इतके महिने हे तिनं एकटीनं सांभाळलं होतं. दवाखान्यात पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून सांभाळलं होतं. माय तेव्हा कुणाला पाठीशी घालत होती, ते मला त्या पेटीजवळ कळलं.

तिला जवळ घेऊन सांगायला हवं होतं की चूक तुझी नाही, माझी आहे. आजीचं बोलणं चूक हे तुला मी शिकवलं, आजीला गप्प मी बसवलं. एवढी दोन वाक्यं. पण बाहेर बायकोच्या चपलांचा आवाज आला, ती दुकानातून साबण घेऊन परत आली होती, आणि मी घाईनं, हळू आवाजात मुलीला म्हणालो, "हे कुणाजवळ बोलू नको."

"बरं," ती म्हणाली, आणि पेल्यासमोर टिक केली.

आता ती दर रविवारी तिथून फोन करते. जेवण कसं आहे, कुठल्या विषयाची चाचणी झाली, पांघरूण पुरतं की नाही, सगळं व्यवस्थित सांगते. तिच्या बोलण्यात एक चूक सापडत नाही. त्या दुपारनंतर तिनं आजीचा विषय एकदाही काढलेला नाही, मी तसं सांगितलं होतं म्हणून.